नाकाडोंगरी, मध्य प्रदेशमार्गे

माझ्या धाकट्या भावाच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, आम्ही मध्य प्रदेशमार्गे गेलो.

साकोलीहून नाकाडोंगरीला जायला मध्य प्रदेश लागत नाही. सगळा प्रवास भंडारा जिल्ह्याच्या आतला आहे. साकोलीतून निघायचं, तुमसर मागे टाकायचं, पुढच्या फाट्यावर डावीकडे वळायचं आणि मांडवात जाऊन बसायचं. जिल्हा तुटला तेव्हा आमची मावशी गोंदियात गेली आणि आम्ही भंडाऱ्यात राहिलो. "माही बहीण परजिल्ह्यात गेली वो!" म्हणून आई दोन दिवस धड जेवली नव्हती (मावशी होती तिथेच होती, बसभाडंही तेवढंच होतं). त्याच आईला मी एका सकाळी परराज्य दाखवून आणलं!

याला कारण शिक्षण. माझ्या मुलीचं. म्हणजे तसं पाहिलं तर माझंच.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. मुलगी मैत्री तेव्हा पहिलीत होती आणि तिचं वाचन आळीत गाजत होतं. कोणी पाहुणा आला की मी तिला पुस्तक काढायला लावायचो. ती ओळीखाली बोट फिरवत धडा घडाघडा वाचायची, पाहुणा तोंडात बोट घालायचा आणि मी "मास्तरची पोरगी आहे" असा चेहरा करून छताकडे पाहायचो. एके दिवशी आमचे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "अशोक, पोट्टी वाचते तं चांगली. पन पुस्तक उलटं धरून वाचते."

खरंच उलटं होतं! पोरीला अख्खं पुस्तक तोंडपाठ होतं आणि त्यातलं एक अक्षर ओळखता येत नव्हतं. मास्तरच्या घरात! त्या रात्री मला भात गेला नाही.

त्याच सुमारास भंडाऱ्याला आमचं प्रशिक्षण निघालं. तिथल्या मॅडमनी सांगितलं की मुलांना अक्षरांची नावं आणि चित्रं पाठ करायला लावू नका, आधी आवाज शिकवा. एकेका आवाजाला हाताची एकेक खूण द्या. मूल आवाज ओळखेल, आवाजाला आवाज जोडेल आणि न पाहिलेला शब्दसुद्धा आपला आपण वाचेल. "आणि मोठ्यांनी मध्ये शब्द सांगायचा नाही," मॅडम म्हणाल्या. "कितीही वेळ लागो, थांबायचं. मुलानं वाचलं की टाळ्या वाजवायच्या. जिथं छापील अक्षर दिसेल तिथं वाचू द्यायचं." मला ते इतकं पटलं, की मी जागच्या जागी 'र्रर्र' म्हणून हातांनीच मोटरसायकल सुरू करून दाखवली.

जेवणानंतर दुसरं सत्र होतं. विषय होता 'वाचलेल्याचा अर्थ'. त्या सत्राला मी नव्हतो. भंडाऱ्याच्या बाजारात धाकट्या भावाच्या, बबलूच्या, होणाऱ्या बायकोसाठी साक्षगंधाची साडी घ्यायची होती, आणि मला वाटलं, आवाज कळला की अर्थाला काय वेगळं शिकावं लागतं?

हे वाक्य कृपया लक्षात ठेवा. आमच्या घरात ते अजून ठेवलेलं आहे.

घरी आल्या आल्या मी नवी पद्धत सुरू केली. पहिला विरोध आईचा झाला.

"क कमळाचा, बेटा," ती मैत्रीला सांगत होती.

"आई, क कमळाचा नाई."

"मंग कोनाचा?"

"कोनाचाच नाई. क नुसता आवाज हाय."

"अरे बाप्पा! आमच्या टाइमले त्याले कमळ तरी होतं. तुमच्या राज्यात बिचाऱ्याचं तेही गेलं!"

पण आमच्या आईचं एक आहे. ती विरोध करते तोही मनापासून आणि बाजू बदलते तीही मनापासून. चार दिवसांत तिला सगळ्या खुणा आल्या. 'म' म्हटलं की पोटावरून हात फिरवायचा, 'स' म्हटलं की हाताचा साप करून फुत्कारायचं. संध्याकाळी आजी, नात आणि मोठे बाबा ओसरीवर ओळीनं बसून फुत्कारू लागले. शेवटी शेजारच्या काकू काळजीनं विचारायला आल्या, "मास्तर, मोठ्या बाबाले काही चावलं काय जी?"

आणि सांगतो, पद्धत लागू पडली! मैत्री एक दिवस स्वयंपाकघरातल्या पुड्यावर बोट ठेवून म्हणाली, "म्… ई… मी… ठ… मीठ!" कोणी सांगितलं नव्हतं, पाठ नव्हतं, पुडा सुलटा होता. मला रडू आलं. खरंच आलं, यात विनोद काही नाही. मग साबण आला, माचिस आली, रेशन दुकानाची पाटी आली. प्रत्येक शब्दाला अख्खं घर टाळ्या वाजवायचं. फक्त माझी बायको वंदना टाळ्या वाजवता वाजवता माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहायची.

तिच्या नजरेचं कारण एका रविवारी विहारात दिसलं. बाकड्यावर कागद चिकटवलेला होता. मैत्रीनं एकेक आवाज जोडत वाचलं, "रंग… ओला… आहे." तीन शब्द! अख्खं वाक्य! आम्ही बापलेकींनी टाळ्या वाजवल्या आणि आनंदानं त्या बाकड्यावर बसलो.

"वाचलं ना?" माझी पँट घासलेटात बुचकळत वंदना म्हणाली. "मंग बसले कायले?"

"अग, तिनं वाक्य वाचलं!"

"तिचं सोडा जी. ती सा वर्षाची हाय. तुम्ही कायले बसले?"

या प्रश्नाचं उत्तर दुपारच्या सत्रात होतं.

आता बबलूचं सांगतो. बबलू, म्हणजे प्रदीप, याचं साकोलीत मोटर रिवाइंडिंगचं दुकान. हात सोन्याचा, पण लग्न जमत नव्हतं. एका मुलीच्या घरच्यांना नोकरीवाला पाहिजे होता. दुसरीकडे आम्ही मुलगी पाहायला बसलो आणि पंखा बंद पडला. याला राहवेना. हा स्टुलावर चढून पंखा खोलून बसला. त्यांना जावई पाहिजे होता, मिस्त्री नको होता. शेवटी नाकाडोंगरीच्या सुषमाशी जमलं. मुलगी दवाखान्यात नर्स, हसरी, आणि बबलू तिचं नाव निघालं की हातातला पेचकस खाली पाडायचा. अडचण एकच होती, तिचे बाबा. ते मँगनीजच्या खाणीत टाइमकीपर म्हणून रिटायर झालेले. बोलणी पक्की झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "अकरा म्हंजे अकरा, मास्तर. बौद्धाचार्याले पुढं दुसऱ्या गावी जायचं हाय. जो मानूस साक्षगंधाले उशिरा येते, तो पोरीले काय टायमावर दवाखान्यात नेईन?"

"काळजीच नका करू जी," मी म्हणालो. "मी स्वतः समोर बसून आनतो सगळ्यायले."

साक्षगंधाच्या दिवशी आम्ही एक काळीपिवळी जीप सांगितली. ड्रायव्हर मुन्ना गोंदियाकडचा होता, त्याला तुमसरच्या पुढचा रस्ता माहीत नव्हता. मला होता. (म्हणजे मी एकदा बसनं गेलो होतो. बसमध्ये इतकी गर्दी होती, की नाकाडोंगरीपर्यंत मी एका गृहस्थाची पाठ सोडून काही पाहिलं नव्हतं. ती पाठ मी आजही ओळखीन.) मी पुढं, मांडीवर मैत्री. मागे आई, मोठे बाबा आणि बाकी मंडळी. अगदी मागच्या आडव्या बाकड्यावर साडीची पिशवी धरून वंदना, आणि साखरेचा पुडा मांडीवर घेऊन नवरदेव. त्या बाकड्यावरून फक्त मागे गेलेला रस्ता दिसतो. हे पुढं महत्त्वाचं ठरलं.

निघतानाच मी जाहीर केलं, "आज रस्त्यावरच्या सगळ्या पाट्या मैत्री वाचन. कोनी मधात बोलाचं नाई."

"अन् टायमावर पोचाचं हाय ना दादा?" मागून बबलूचा बारीक आवाज आला.

"शिक्षनाले टाइम द्याच लागते," मी म्हणालो. (लग्न त्याचं होतं. बोलायला माझं काय जात होतं?)

तुमसरपर्यंत सगळं छान झालं. वेळही भरपूर होता. मग तो फाटा आला. समोर निळा फलक, त्याच्यावर दोन गावांची नावं. मुन्नानं गाडी थांबवली.

"भैया, किधर?"

मी हात वर केला. "थांबा. मैत्री वाचन."

मैत्रीनं बोट उचललं. "न्… आ… ना…"

वरचं नाव इतकं मोठं होतं, की असा शब्द तिनं आजवर पाहिलाच नव्हता. मोठ्या बाबांनी तोंड उघडलं, "ना…" आणि आईनं तिथल्या तिथं त्यांच्या तोंडावर हात दाबला. थोरल्या दिराच्या तोंडाला हात लावायची आमच्याकडे रीत नाही. पण शिक्षणासाठी आईनं तीही मोडली!

"क्… आ… का… नाका…"

मागे खाणीचा एक ट्रक येऊन उभा राहिला आणि भोंगा वाजवू लागला. मग ट्रकवाला स्वतः उतरून आला. "अरे भाऊ, रस्त्यात काहून उभे? कोठी जाचं हाय? नाकाडों…"

"ओ बाबू! सांगू नोको!" आई खिडकीतून ओरडली. "पोट्टी वाचून राहिली!"

ट्रकवाला भला माणूस. त्यालाही घरी लहान पोरं असावीत. तो आमच्या खिडकीला टेकून उभा राहिला आणि मैत्रीच्या बोटाकडे श्वास रोखून पाहू लागला.

"ड्… ओ… डों… ग… री…" मैत्रीचे डोळे मोठे झाले. "ना-का-डों-ग-री! बाबा, नाकाडोंगरी! सुषमाकाकूचं गाव!"

काय त्या टाळ्या! आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मोठे बाबा मोकळ्या झालेल्या तोंडानं "शाब्बास!" म्हणाले. ट्रकवाला टाळ्या वाजवता वाजवता जीपच्या पत्र्यावर थाप मारून म्हणाला, "जय हो!"

आता काळीपिवळीचा एक कायदा आहे. पत्र्यावर थाप पडली की गाडी सुटते. ड्रायव्हर मग मागचं-पुढचं विचारत नाही. मुन्नानं गिअर टाकला आणि गाडी सरळ सुटली. फलकावर 'नाकाडोंगरी'च्या शेजारी डावीकडे वळलेला एक बाणही होता. तो कोणीच पाहिला नाही. बाणाला आवाज नसतो!

त्यानंतर मैत्री सुटलीच. दुकानं, शाळा, दवाखाने, भिंतीवरचे साबण, काही सोडेना. थोड्या वेळानं एक गाव लागलं आणि तिनं न अडखळता एका दमात वाचलं, "बपेरा!"

पुन्हा टाळ्या पडल्या. मुन्नानं मान वळवली. "भैया, नाकाडोंगरी के रास्ते में बपेरा लगता क्या?"

"तुम गाडी चलाओ," मी म्हणालो. "बच्ची के वाचन में अडथळा मत आनो."

पुढं नदी आली. मोठा पूल आला. "नदी किती सुंदर हाय वो!" आई म्हणाली. पूल संपला. पलीकडेही तीच झाडं होती, तेच धानाचे बांध होते, आणि पाट्यांवर तीच आपली अक्षरं होती. तिकडं पाट्या वेगळ्या लिपीत असत्या तर मैत्री तरी अडली असती. तिच्यासाठी सगळं जगच वाचण्यासारखं झालं होतं. एका कचेरीसमोर म्हशी रस्ता ओलांडत होत्या म्हणून गाडी थांबली आणि मैत्रीनं वरच्या फलकावर बोट रोखलं.

"म… ध्… य… मध्य… प्… र… प्र… दे… श. मध्य प्रदेश!"

जोडाक्षरं! दोन-दोन जोडाक्षरं! आम्ही टाळ्यांसाठी हात उचलले. आईच्या दोन टाळ्या वाजल्यासुद्धा. मग एकेकाचे हात हवेतच राहिले.

मागच्या बाकड्यावरून वंदनाचा आवाज आला. अगदी शांत.

"वाचलं सगळ्यायनं. समजलं काय कोनाले?"

"दादा," बबलूनं विचारलं, "माह्यं साक्षगंध कोनत्या राज्यात हाय?"

नेमका तेव्हाच माझा फोन वाजला. पलीकडे सुषमाचा भाऊ. "कुठपर्यंत आले जी? बाबा घड्याळ पाहून राहिले."

"आलोच, आलोच! पोचूनच राहिलो!"

"कोनतं गाव दिसून राहिलं?"

मी घसा साफ केला. पण घरात वाचनाचं वातावरण निर्माण केलं की त्याला आवर घालता येत नाही. मैत्री माझ्या कानाजवळ येऊन फोनमध्ये खणखणीत ओरडली, "म-ध्य-प्र-दे-श!"

फोन बंद झाला. बबलू साखरेचा पुडा छातीशी धरून खाली मान घालून बसला. इतका वेळ मी स्वतःवर खूश होतो. मग त्याची वाकलेली मान आरशात दिसली. लेकीला वाचायला शिकवता शिकवता मी भावाचं घर बसायच्या आधीच मोडलं होतं. मुन्नानं गाडी वळवली. परतीच्या रस्त्यात मैत्री सगळ्या पाट्या उलट क्रमानं पुन्हा वाचत होती.

आम्ही पोचलो तेव्हा अकरा कधीच होऊन गेले होते. मांडवात बुंदी थंड झाली होती, बौद्धाचार्य खांद्याला झोळी लावून उभे होते आणि टाइमकीपर मांडवाच्या दारात मनगटाकडे पाहत होते.

"जय भीम," मी म्हणालो.

"जय भीम. खानीत भोंगा झाल्यावर येनाऱ्या मानसाची हजेरी मी कधी लावली नाई, मास्तर." मग ते खाली वाकले. "फोनवर मध्य प्रदेश सांगनारी तूच काय?"

"हो," मैत्री म्हणाली.

"काहून गेले तिकडे?"

"मी वाचत होती. मले कोनी सांगितलं नाई."

"एवढे मोठे मानसं गाडीत. कोनीच नाई?"

"आजीनं मोठ्या आजोबाचं तोंड दाबलं होतं. ट्रकवाल्या काकाले पन सांगू नाई देल्लं. मंग मी नाकाडोंगरी वाचलं, सगळ्यायनं टाळ्या वाजवल्या अन् आम्ही दुसरीकडे गेलो."

मांडवात कोणीतरी फिसकन हसलं. त्या हसण्यानं बाकीचं हसणं फुटलं. घरात, पडद्याआड, सगळ्यात मोठ्यानं हसत होती ती नवरी! टाइमकीपर मात्र हसले नाहीत. त्यांनी मांडवाच्या कापडी फलकाकडे बोट केलं. "वाचता येते ना? वाच मंग."

मैत्रीनं बोट उचललं. "स्… उ… सु…"

बौद्धाचार्यांनी घड्याळाकडे पाहून काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर टाइमकीपरनं स्वतःच्या ओठांवर बोट ठेवून त्यांना गप्प केलं! मी पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. आयुष्यभर मिनिटं मोजलेला माणूस ओठ आवळून एकेका आवाजाची वाट पाहत होता.

"सुषमा… आणि… प्रदीप!"

टाळ्या वाजवायला मी हात उचलले. वंदनानं ते खाली धरले.

"बरोबर," टाइमकीपर म्हणाले. "पन म्हंजे काय?"

हे दुपारचं सत्र होतं! मी नव्हतो त्या सत्राला!

मैत्रीनं फलकाकडे पाहिलं, मग पडद्याआडून डोकावणाऱ्या सुषमाकडे. "म्हंजे आता ही आमच्या घरी येनार," ती म्हणाली.

पडद्याआडून सुषमा म्हणाली, "बाबा, लेट मार्क लावा त्यायले. पन हजेरी लावा ना!"

टाइमकीपरनं हातातलं घड्याळ काढून खिशात टाकलं. "बसा जी पाटावर, जावईबापू," ते बबलूला म्हणाले. बबलू इतका घाईनं बसला, की साखरेचा पुडा फुटला आणि अर्धी साखर त्याच्या खिशात गेली.

लग्न उन्हाळ्यात झालं, तेही नाकाडोंगरीलाच. वरातीची गाडी तुमसरच्या पुढच्या रस्त्याला लागली तेव्हा मी पुन्हा समोर, मांडीवर मैत्री. (समोर बसायचा मान मोठ्या भावाचाच असतो. तो काढून घ्यायची कोणाची हिंमत झाली नाही, एवढंच.) फाट्यावर पोचलो तर फलकाच्या खाली, भर उन्हात, डोक्यावर दुपट्टा घेऊन एक माणूस उभा होता. टाइमकीपरनं खास पाठवलेला. हातात पाटी नाही, कागद नाही. डावा हात लांब करून, बोट डावीकडे रोखून नुसता उभा होता.

मैत्रीनं त्याला खालून वरपर्यंत पाहिलं आणि गोंधळून माझ्याकडे वळली.

"बाबा, याच्यावर तं काहीच लिहिलं नाई. मी काय वाचू?"

"तू नोको वाचू, बेटा," मागून वंदना म्हणाली. "तो तुह्या बाबासाठी हाय."